आधी तीन बोटं, मग बात

अंगठा आणि करंगळी मिटून घ्यायची, उरलेली तीन बोटं एकावर एक येतील असा हात वळवायचा, तो स्वतःच्या तोंडासमोर धरायचा आणि समोरच्याला म्हणायचं, "आधी तीन बोटं, मग बात."

बुऱ्हाणपूरच्या लालबागेतल्या त्या दातांच्या दवाखान्याच्या जिन्याखाली जो कोणी कधी गाल धरून बसला असेल, त्याने हे ऐकलेलं आहे. ज्यांचे दात अजून शाबूत आहेत अशा नशीबवानांसाठी सविस्तर सांगतो.

दवाखाना पहिल्या मजल्यावर होता आणि खाली माझं झेरॉक्सचं दुकान. पेशंटांचा बाक जिन्याखाली, माझ्या काउंटरला जवळजवळ खेटून. वर डॉक्टरसाहेब, आणि डॉक्टरसाहेबांच्या आधी बाई. नंबर लावणं, तारीख देणं, फोन घेणं ही त्यांची कामं. पन्नाशीच्या पुढचं वय, सुती साडी, आणि किल्ल्यांचा जुडगा खोचावा तशी कमरेला खोचलेली छोटी टॉर्च. त्यांना नाव होतं, पण ते त्यांच्या आधार कार्डावरच राहिलं. मी त्याची झेरॉक्स काढली होती म्हणून मला माहीत. सगळं लालबाग त्यांना बाईच म्हणायचं.

सकाळी दहाला बाई जिना उतरून यायच्या आणि बाकाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जायच्या. प्रत्येकाला तेच. वरच्या-खालच्या दातांमध्ये तुमची स्वतःची तीन बोटं उभी मावतात का? तोंडात तीन आठवड्यांहून जुनी जखम, चट्टा, गाठ काही आहे का? खालचा ओठ बधिर वाटतो का? सगळं ठीक असेल तर वहीत बघून तारीख मिळायची. एक जरी गोष्ट खटकली तर नंबर गेला चुलीत, तो माणूस सर्वांच्या आधी वर. मग बाकावरच्यांनी कितीही आरडाओरडा केला तरी बाईंच्या कपाळावर आठी पडत नसे.

फोनवर तारीख मागणाऱ्यांशी रोजचा एक संवाद ठरलेला होता. मला तो खाली ऐकू यायचा.

"तोंड बघितल्याशिवाय तारीख नाही."

पलीकडून बहुधा विचारलं जायचं, की फोनवर तोंड कसं दाखवू.

"म्हणून तर म्हणते, या."

डॉक्टरसाहेब सुरुवातीला वैतागायचे. एकदा जिन्यातच म्हणाले, "बाई, डॉक्टर मी आहे की तुम्ही?"

"तुम्हीच साहेब. मी फक्त दार उघडतं का ते बघते."

साहेब भले माणूस. हसले आणि वर गेले. नंतर त्यांनी विचारलं नाही. बाईंनी आधी वर पाठवलेल्या माणसांपैकी काहींच्या तोंडात खरंच साहेबांच्या हाताबाहेरचं काही निघायचं, आणि अशा वेळी तेच बाईंना हाक मारायचे, "बाई, वही."

ही वही म्हणजे शाळेतली दोनशे पानी. तिच्यात जबड्याच्या सर्जनांची माहिती होती. दातांचे डॉक्टर आपल्याकडे गल्लोगल्ली आहेत, पण तोंड, जबडा आणि चेहरा यांची शस्त्रक्रिया करणारा वेगळा असतो हे आपल्याला कुठे ठाऊक? त्याच्या पदवीचं इंग्रजी नाव उच्चारायला तोंड धडधाकट लागतं, आणि त्याच्याकडे जाणाऱ्याचं नेमकं तेच नसतं. बाई ते नाव कागदावर लिहून द्यायच्या आणि वर बजावायच्या, "हाडाचा नाही, कानाचा नाही, नुसत्या दातांचाही नाही. जबड्याचा. नाव पाठ करू नका, कागद दाखवा."

वहीत एकेका पानावर एकेक डॉक्टर होता. जळगावचा कुठल्या वारी बसतो, खांडव्याला इंदूरचा कोण महिन्यातून एकदा येतो, स्टेशनपासून किती लांब, जिना आहे का, मराठी समजतं का. खाली बाईंचे शेरे. "रागीट, पण हात चांगला." "स्वतः बोलतात, मदतनीसाकडे ढकलत नाहीत." एकाच्या पानावर फक्त "घाई" एवढंच लिहून त्यावर काट मारली होती. ती वही जीर्ण होत चालली तेव्हा बाईंनी माझ्याकडून तिची झेरॉक्स काढून घेतली. मी माझ्यासाठीही एक प्रत काढली, न विचारता. हा माझा गुन्हा, पण आजही कुणी गाल धरून दुकानात आला की उपयोगी पडतो.

आपल्या लोकांची एक जुनी खोड तुम्हीही पाहिली असेल. तोंडात काही झालं की माणूस आधी मीठ-पाणी करतो, मग लवंग, मग मेडिकलवाल्याची गोळी, मग कुणीतरी सांगितलं म्हणून कानाचा डॉक्टर. आणि हाड मोडलं असेल तर पहिलवान. तालमीतल्या पहिलवानाचा हाताच्या हाडावर जसा अधिकार, तसाच जबड्यावरही, असं आपण धरून चालतो.

एकदा केळीचे ट्रक भरणारा एक तरुण आला. घड वर फेकताना खालून दांडा हनुवटीवर बसला होता. दहा दिवसांपूर्वी. हनुवटीपासून डोक्यापर्यंत हळद माखलेलं फडकं बांधलेलं. सोबत मामा.

"पहिलवानानं बसोलं बाई जबडं," मामा म्हणाला. "फक्त दात जरासे सरकेल हायेत."

"जेवताना वरचे-खालचे दात एकमेकांना भेटतात का?" बाईंनी विचारलं.

तरुणाने मान हलवली. नाही.

"मग पहिलवानानं बसवलं कुठं? देवाच्या भरवशावर सोडलं." बाईंनी त्याला आधी वर पाठवलं, मग वही काढली आणि दुपारच्या गाडीने मामा-भाचे जळगावला गेले.

चार दिवसांनी तो वरचे-खालचे दात तारेनं एकमेकांना बांधलेल्या अवस्थेत परत आला. सहा आठवडे फक्त पातळ खायचं. बाईंनी त्याला डाळीचं पाणी, ताक, दुधात घोटलेलं केळं असं सगळं लिहून दिलं. डॉक्टरांनी दिलेली तार कापायची पक्कड तो घरी ठेवून आला होता, त्यावरून मामाला असं झाडलं की मी झेरॉक्स थांबवून ऐकत राहिलो. "उलटी झाली तर जीव गुदमरेल त्याचा. पक्कड खिशात पाहिजे. झोपताना, उठताना, देवळात, कुठंही."

पाचव्या आठवड्यात त्याचं लग्न होतं. ते ठरलेलं, पत्रिका वाटलेल्या. बाईंना आमंत्रण होतं, मलाही. नवरदेव शेरवानीत, खिशात पक्कड, तोंड घट्ट मिटलेलं. मुलीकडच्या बायका एकमेकींना सांगत होत्या, मुलगा फार गंभीर आहे हो, उगाच दात काढत नाही. बाईंनी पदर तोंडाला लावला आणि त्या बराच वेळ हसत होत्या. बाईंना इतकं हसताना मी तेवढंच पाहिलं.

आता केळीच्या घडाचं सांगायला हवं.

दरवर्षी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी दापोऱ्याचा एक शेतकरी मोटारसायकलवर केळीचा घड बांधून यायचा. गळ्यातलं उपरणं गालावरून ओढून घेतलेलं. उपरण्याखाली चेहऱ्याची एक बाजू आत बसलेली होती. बोलणं अस्पष्ट, म्हणून तो फारसा बोलायचाच नाही. घड बाकावर ठेवायचा, बाईंना हात जोडायचा आणि निघून जायचा. बाईही हात जोडायच्या. मग माझी कात्री मागून घ्यायच्या, फण्या सोडवायच्या आणि बाकावर वाटायच्या. ज्याचं तोंड सगळ्यात कमी उघडतं त्याला सगळ्यात पिकलेलं.

स्वतः एकही खायच्या नाहीत. मला वाटायचं साखर असेल. एकदा म्हटलंही, "बाई, बुऱ्हाणपुरात राहून केळं खात नाही म्हणजे तापीकाठी राहून आंघोळ न करण्यासारखं झालं."

"तुम्ही खा भाऊ," त्या म्हणाल्या. चेष्टा तिथेच संपली.

माझं स्वतःचं तोंड मी बाईंपासून सांभाळून होतो. कारण माझ्या काउंटरच्या खणात सुपारी असायची. साधी नव्हे, ती पुडीतली, सुगंधी. सकाळी शटर उघडल्यापासून रात्री पाडेपर्यंत गालात एक खडा असायचाच. बाई वर्षातून एक-दोनदा माझ्याकडे वळायच्या.

"भाऊ, आधी तीन बोटं."

"गिऱ्हाईक आहे बाई."

एकदा गिऱ्हाईक नव्हतं तेव्हा मी बोटं तोंडात घातली. पण उभी नाही, आडवी, शेजारी-शेजारी. तशी तर चारही जातात. बाईंनी लगेच ओळखलं. "डॉक्टरला फसवलं तर फी वाया जाते," त्या म्हणाल्या, "मी तर फुकट आहे." आणि जिना चढून गेल्या.

मला समजत नव्हतं असं नाही. जेवणात तिखट लागलं की तोंडाची आग व्हायची. बायको माझ्यापुरती वेगळी भाजी काढायला लागली होती आणि मी तिला सांगितलं होतं की ॲसिडिटी आहे. गालाच्या आतली कातडी जिभेला ताठ लागायची. माणूस स्वतःशी किती सफाईने खोटं बोलतो याचा मी जाणकार आहे.

एका संध्याकाळी दुकानासमोरच्या गाडीवर मी पाणीपुरी खात होतो. बाई घरी निघाल्या होत्या. थांबल्या. मी पुरी हातात मोडून दोन तुकड्यांत खात होतो, पाणी कोपरापर्यंत ओघळत होतं.

"फोडून का खाता भाऊ?"

मी काहीतरी बोललो. बाई दुकानात शिरल्या आणि गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसल्या. इतक्या वर्षांत त्या त्या स्टुलावर पहिल्यांदा बसल्या होत्या. मग त्यांनी दापोऱ्याच्या माणसाची गोष्ट सांगितली. मी ती त्यांच्याच क्रमाने सांगतो.

नोकरीचं पहिलं वर्ष. हा माणूस आला तो गालात मागच्या बाजूला जखम आहे, भरत नाही म्हणून. त्या दिवशी साहेब लग्नाला गेले होते. बाईंनी पुढची तारीख दिली. त्या तारखेला खूप गर्दी होती, पुन्हा पुढची दिली. तिसऱ्या वेळी तो नंबर न लावता आला, म्हणून परत पाठवला.

"तो तोंड उघडून दाखवायला लागला होता भाऊ. मी म्हटलं, मला नका दाखवू, मी काय डॉक्टर आहे?"

असा दीड महिना गेला. साहेबांनी बघितलं त्याच दिवशी ते म्हणाले, हे जबड्याच्या सर्जनचं काम आहे, लगेच. आता तो सर्जन कुठे असतो हे कुणालाच माहीत नव्हतं. बाई चार दिवस फोनला चिकटून होत्या. एकाने दुसऱ्याचं नाव सांगितलं, दुसऱ्याने तिसऱ्याचं. शेवटी इंदूरला सापडला. नवरा-बायको कधी खांडव्याच्या पुढे गेलेले नव्हते, म्हणून बाई त्यांच्यासोबत बसमध्ये बसल्या. वही तेव्हा सुरू झाली. त्या माणसाचा अर्धा खालचा जबडा काढावा लागला.

"दीड महिना आधी गेला असता तर वाचला असता का जबडा?" मी विचारलं.

"मी पण विचारलं होतं सर्जनला. म्हणाले, सांगता येत नाही." बाईंनी कमरेची टॉर्च काढून हातात घेतली. "हो म्हटले असते तरी चाललं असतं. आणि हा माणूस दर साली घड घेऊन येतो. एकदा दोन शिव्या दिल्या असत्या तर मी पण केळं खाल्लं असतं."

मी म्हटलं, "त्यांना एकदा विचारून तरी बघा. त्यांच्या मनात काय आहे ते."

"नको," त्या म्हणाल्या. आणि लगेच, "आता बोटं. उभी."

दोनच गेली, तीही दाबून. बाईंनी टॉर्च लावून बघितलं, टॉर्च बंद केली, आणि साहेब वर आहेत की गेले ते बघायला निघाल्या. साहेब होते. त्यांनी गालाच्या आतला पांढरट चट्टा बघितला आणि म्हणाले, "बाई, वही."

घरी आल्यावर मी मोबाईलवर शोधलं. पहिलं नाव निघालं ते केस लावणाऱ्याचं, दुसरं हाडांच्या दवाखान्याचं, तिसऱ्याला पाचपैकी पाच चांदण्या होत्या आणि तो दात पांढरे करून देत होता. सकाळी बाईंना ते दाखवलं.

"चांदण्या मोजू नका भाऊ. जबड्याचं शिक्षण वेगळं घेतलंय का विचारा. ऑपरेशन कुठल्या हॉस्पिटलात करतात विचारा. आणि कापायच्या आधी तुकडा तपासायला पाठवतात का, ते तर आधी विचारा. रागावला तर उठून या."

त्यांनी जळगावचं पान काढलं. "रागीट, पण हात चांगला" तो हाच. रागीट होताच. माझ्या गालातला छोटा तुकडा काढून तपासायला दिला आणि रिपोर्टला आठ दिवस सांगितले.

ते आठ दिवस मला नीट आठवत नाहीत. भीती वाटत होती, साधी भीती. झेरॉक्सची पानं मी उलटी-सुलटी लावत होतो. बाई रोज दहाला उतरायच्या, बाकावरच्यांची तोंडं बघायच्या, माझ्या काउंटरशी क्षणभर थांबायच्या आणि वर जायच्या. सुपारीचा खण मी त्यांच्यासमोर रिकामा केला.

रिपोर्टमध्ये कॅन्सर नव्हता. कातडी सुपारीने ताठ झाली होती, पुढे काय होईल याची खात्री नव्हती, सुपारी कायमची बंद आणि दर सहा महिन्यांनी तपासणी. तोंड उघडण्यासाठी रोज आइस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक रचून दातांत धरायच्या आणि हळूहळू वाढवत न्यायच्या. बाईंना सांगितलं. "बरं झालं," एवढंच म्हणाल्या. त्यांचे डोळे भरले होते आणि मी ते बघितलं हे त्यांना आवडलं नाही.

मग रोज सकाळी जिन्यावरून आवाज यायचा, "किती भाऊ?" मी काड्या तोंडात धरूनच बोटांनी आकडा दाखवायचो. बाकावरचे लोक आम्हाला वेड्यात काढत असणार.

दोन वर्षांपूर्वी साहेबांनी वयामुळे दवाखाना बंद केला. बाई खांडव्याला लेकीकडे गेल्या. जाताना काड्यांचा एक नवा गठ्ठा माझ्या काउंटरवर ठेवून गेल्या. मागच्या हिवाळ्यात त्यांच्या लेकीचा फोन आला. बाई गेल्या. हृदयाचं काहीतरी होतं. दुसऱ्यांची तोंडं उघडून बघणाऱ्या बाईंनी स्वतःच्या छातीत दुखतंय हे कुणाला सांगितलं नव्हतं.

जिन्याखालचा बाक अजून आहे. त्यावर आता कुरियरची खोकी असतात.

यंदा पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मोटारसायकल थांबली. आदल्या वर्षी त्याला बाई खांडव्याला गेल्याचं सांगितलं होतं, तेव्हा त्याने घड माझ्याकडे ठेवून 'पोचवा' अशी खूण केली होती, आणि मी तो स्टेशनवर ओळखीच्या माणसासोबत पाठवला होता. यंदा सांगायचं वेगळं होतं. मी सांगितलं. त्याने घड खाली ठेवला आणि त्याच स्टुलावर बसला.

मग मी विचारलं. जे बाईंनी विचारलं नाही आणि मीही इतक्या पोळ्यांना समोर बसून विचारलं नाही, ते विचारलं. "दादा, सुरुवातीला तुम्हाला पुढच्या तारखा दिल्या होत्या. तीनदा परत पाठवलं होतं. त्या बाईच होत्या, माहीत आहे ना?"

त्याने उपरणं बाजूला केलं. अस्पष्ट बोलत होता, पण मी लक्ष देऊन ऐकलं आणि सगळं समजलं.

"माहीत हाये ना. तारीख तं सगळेच देतेत भाऊ. संगं कोन येतं?"

मग तो सांगत राहिला. ऑपरेशननंतर इंदूरहून परत आणायला बाईच गेल्या होत्या. बसस्टँडवर त्याची बायको रडत होती, ह्याला काय खाऊ घालू म्हणून. बाईंनी कुठून तरी दूध आणलं, पेल्यात केळं बोटांनी कुस्करलं आणि चमच्याने त्याला भरवलं. "पह्यला घास तो. मले वाटलं, आता जगतो मी." म्हणून घड. एवढंच कारण होतं. शिव्या देण्यासारखं त्याच्या मनात काही नव्हतंच, पहिल्या वर्षापासून नव्हतं.

हे बाईंना कळायला हवं होतं. मला फार वाईट वाटलं, आणि अजून वाटतं.

निघताना त्याने मोटारसायकलला किक मारली आणि मागे वळून विचारलं, "बाई खायच्या ना केळं?"

"खायच्या," मी म्हटलं. "पहिलं केळं त्याच काढून घ्यायच्या."

त्याचा अर्धा चेहरा हसला. तो दापोऱ्याच्या रस्त्याला लागला. मी कात्री काढून फण्या सोडवल्या, एक केळं सोललं आणि न मोडता खाल्लं.